वाचकांच्या शंका : मायक्रोवेव्ह शोषणारे फेराइट

प्रश्न : आमच्या मायक्रोवेव्ह ओव्हनबरोबर धातूची एक ‘क्रिस्प’ थाळी मिळाली आहे. एरवी ओव्हनमध्ये स्टीलचे भांडे ठेवू नका असे बजावले जाते, पण या थाळीत थालीपीठ खालून छान खरपूस होते. थाळीच्या पाठीला रबरासारखा काळपट थर आहे. त्याचे काम काय, आणि तो कालांतराने निकामी होतो का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण थाळी उलटून पाहिलीत हे उत्तम केलेत, कारण सगळी करामत पाठीकडचीच आहे. तो थर उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन रबराचा असून त्यात फेराइटची बारीक भुकटी मिसळलेली असते. लोहाच्या ऑक्साइडमध्ये निकेल, जस्त, मँगॅनीज अशा धातूंची ऑक्साइडे दळून मिसळायची आणि ते मिश्रण हजार अंश सेल्सिअसच्या वर भट्टीत भाजायचे, की फेराइट हे काळे, कठीण आणि ठिसूळ सिरॅमिक तयार होते. ते लोखंडाप्रमाणे चुंबकाला चिकटते, मात्र लोखंडाप्रमाणे वीज वाहून नेत नाही. लोखंडाच्या पत्र्यावर पडलेली मायक्रोवेव्ह पृष्ठभागावरच्या विद्युत्‌प्रवाहांमुळे जवळजवळ सगळी परत फिरते. फेराइटमध्ये ती आत शिरू शकते. आत शिरल्यावर तिचे चुंबकीय क्षेत्र अणूंच्या सूक्ष्म चुंबकांना भोवऱ्यासारखे डुलायला लावते. ओव्हनमधील लहरीची सेकंदाला २४५ कोटी आवर्तने होतात. त्या गतीशी या चुंबकांना जुळवून घेता येत नाही, ती मागे पडतात, आणि या मागे पडण्यात लहरीची जी ऊर्जा खर्ची पडते तिचीच उष्णता होते.

परंतु हा थर धातूच्या पाठीवरच का बसवलेला असतो, हा खरा प्रश्न आहे. धातूच्या पृष्ठभागाला लागून लहरीचे विद्युत् क्षेत्र जवळजवळ शून्य असते आणि चुंबकीय क्षेत्र मात्र तेथेच सर्वाधिक असते. म्हणून विद्युत् क्षेत्रामुळे तापणारा पदार्थ, मग तो कार्बन असो वा ओलसर पीठ, पातळ थराने धातूला चिकटवला तर फारसा तापत नाही. तेथे चुंबकीय पदार्थच हवा. पुढील दोन्ही उत्तरांतही हीच गोष्ट कामाला येणार आहे, तेव्हा ती ध्यानात असू द्यावी.

थाळी साधारण २०० अंशांच्या आसपास पोहोचली की तिचे तापणे मंदावते. प्रत्येक फेराइटला एक ‘क्यूरी तापमान’ असते. त्याच्या जवळ पोहोचताना पदार्थाचे चुंबकत्व ओसरू लागते आणि त्याबरोबर शोषणही घटते. मिश्रणातील जस्ताचे प्रमाण बदलून हे तापमान हवे तेथे आणता येते, त्यामुळे वेगळा थर्मोस्टॅट बसवावा लागत नाही. खरपूसपणासाठी एवढे तापमान लागतेच, कारण नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये पदार्थातले पाणी असेपर्यंत तो १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. (काचेच्या काही जुन्या भाजण्याच्या भांड्यांना खाली टिन ऑक्साइडचा पातळ थर असे. तो विद्युत् रोधामुळे तापतो. तो प्रकार वेगळा.)

थाळी निवली की फेराइटचे चुंबकत्व परत येते, त्यामुळे ते वापराने संपत नाही. झिजते ते रबर. पाठीला तारेची घासणी लावू नये, आणि थर फाटला किंवा सुटला असेल तर थाळी बदलावी. जाता जाता सांगतो, बऱ्याच ओव्हनांच्या दाराच्या कडेलाही निसटती लहर टिपण्यासाठी फेराइटयुक्त रबराची पट्टी असते, आणि मायक्रोवेव्ह निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनवर जी कडी, म्हणजे चुंबकत्व कायम टिकवणारी, चुंबके बसवलेली असतात तीही सामान्यतः फेराइटचीच असतात.

प्रश्न : मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतो. वाहनांच्या विद्युत्‌चुंबकीय चाचणीचा कक्ष पाहिला, तेव्हा भिंतींवर जेमतेम ६ मिलिमीटर जाडीच्या काळ्या फरश्या होत्या. त्या ३० मेगाहर्ट्‌झपासून लहरी शोषतात असे सांगण्यात आले. ३० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी १० मीटर होते, आणि शोषकाची जाडी पाव तरंगलांबीएवढी लागते असे आम्ही शिकलो. मग हे कसे जमते?

उत्तर : आपण शिकलात ते चूक नाही, पण ते ‘सॅलिस्बरी पडद्या’चे गणित आहे. त्यात ३७७ ओहमचा रोधक पडदा धातूपासून पाव तरंगलांबी दूर ठेवतात, कारण धातूला लागून नाहीसे झालेले विद्युत् क्षेत्र तेवढ्या अंतरावर पुन्हा कमाल होते. १० गिगाहर्ट्‌झला हे अंतर ७.५ मिलिमीटर असते, तर ३० मेगाहर्ट्‌झला अडीच मीटर. फेराइटला हे अंतर लागत नाही, कारण त्याला हवे असलेले चुंबकीय क्षेत्र धातूच्या भिंतीलगतच मिळते.

तरीही लहर आत शिरायला हवी, आणि नवख्यांची गफलत बहुधा येथेच होते. पदार्थात ऊर्जा उधळण्याची क्षमता कितीही असो, त्याच्या दर्शनी पृष्ठभागाचा संरोध (इंपिडन्स), म्हणजे लहरीला तेथे होणारा विरोध, मोकळ्या अवकाशाच्या ३७७ ओहमशी जुळत नसेल तर लहर दारातूनच परतते. धातूवर बसवलेल्या पातळ फेराइटसाठी ही जुळणी सोप्या रूपात मांडता येते : चुंबकीय पार्यतेचा (म्हणजे पदार्थ चुंबकीय क्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्याच्या मापाचा) ऊर्जा उधळणारा भाग, म्हणजे काल्पनिक घटक, तरंगलांबीला जाडीच्या ६.२८ पटीने भागून येणाऱ्या संख्येइतका हवा आणि वास्तव घटक, म्हणजे ऊर्जा नुसती साठवणारा भाग, त्यापुढे लहान हवा. ६ मिलिमीटरच्या फरशीला १०० मेगाहर्ट्‌झवर हा घटक सुमारे ८० लागतो, तर ४०० मेगाहर्ट्‌झवर सुमारे २०. म्हणजे कंप्रता चौपट झाली की पार्यता एक चतुर्थांशावर यायला हवी. निकेल-जस्त फेराइटमध्ये नैसर्गिक अनुस्पंदनाच्या (रेझोनन्स, म्हणजे अणूंची चुंबके ज्या कंप्रतेला आपसूक डुलतात तिच्या) पलीकडे पार्यता साधारण याच प्रमाणात उतरते. आइंडहोव्हन येथील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत जे. एल. स्नूक यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की पार्यता जितकी मोठी, तितकी अनुस्पंदनाची कंप्रता खालची. रेडिओच्या गाभ्यासाठी फेराइट घडवणाऱ्यांना ही मर्यादा नडली. शोषकासाठी मात्र ती वरदान ठरली, कारण तिच्यामुळेच एकाच जाडीची फरशी इतक्या रुंद पट्ट्यात चालते.

१ गिगाहर्ट्‌झच्या वर ही जुळणी बिघडू लागते, म्हणून अनेक कक्षांत फरश्यांवर कार्बनयुक्त फोमचे सुळके बसवतात. फरशीचे वजनही विसरू नये : १० सेंटिमीटर चौरसाची एक फरशी सुमारे ३०० ग्रॅम भरते, म्हणजे छताच्या दर चौरस मीटरवर ३० किलो.

फरशा बसवणारे कारागीर सांध्यांकडे फार काटेकोरपणे पाहतात, त्याचे कारण हिशेबानेच कळेल. फेराइटची पार्यता १,००० असेल आणि १०० मिलिमीटरच्या दोन फरश्यांमध्ये केवळ ०.२ मिलिमीटर फट राहिली, तर त्या फटीला आडव्या जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या दृष्टीने एकूण पार्यता सुमारे ३३० वर येते. हवेची एवढीशी चीर २०० मिलिमीटर जाडीच्या फेराइटइतका अडथळा करते. याचा फटका सर्वाधिक बसतो तो खालच्या कंप्रतांना, म्हणजे जेथे या फरश्यांवाचून गत्यंतर नसते तेथेच.

हे सिरॅमिक मूळचे जपानचे. टोकियो तंत्रशास्त्र संस्थेत योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३० मध्ये ते शोधले, आणि त्याच्या उत्पादनासाठी १९३५ मध्ये टीडीके ही कंपनी निघाली. पुढे उंच इमारतींवरून परावर्तित होणाऱ्या लहरींमुळे शेजारच्या घरांतील टीव्हीवर दुहेरी चित्र दिसू लागले, तेव्हा जपानमध्ये इमारतींच्या बाह्य भिंतींतही फेराइट बसवण्यात आले. आपल्याकडेही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात फेराइटवर बरेच संशोधन झाले आहे. तेथील प्रबंध आपण अवश्य चाळावेत.

प्रश्न : फेराइटची भुकटी ऑइलपेंटमध्ये कालवून घराच्या भिंतींना लावली, तर समोरच्या मोबाइल टॉवरच्या लहरी अडतील का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही, आणि खर्च वाया जाईल. वर ०.२ मिलिमीटर फटीची गोष्ट सांगितली. रंगात तर प्रत्येक कणाभोवती अशी फट असते. त्यामुळे पार्यता हजारावरून एक आकडी किंवा फार तर दहा-वीसच्या घरात येते, आणि ब्रशने लावलेला थर मिलिमीटरचाही नसतो. शिवाय या शोषकांना मागे धातू लागतो, जो विटांच्या भिंतीत नसतो. विमानांना आणि जहाजांना जे चुंबकीय शोषक लेप दिले जातात, ते धातूच्या अंगावर, बहुधा रडारच्या ८ ते १२ गिगाहर्ट्‌झसारख्या वरच्या पट्ट्यासाठी, जाडी अचूक राखून दिलेले असतात. त्यांत बेरियम फेराइटही वापरता येते, पण मूळ पदार्थाचे अनुस्पंदन ५० गिगाहर्ट्‌झच्या आसपास असल्याने त्यातील लोहाच्या काही भागाऐवजी कोबाल्ट आणि टायटॅनियम घालून ते खाली आणावे लागते. हे घरच्या डब्यात कालवण्यासारखे काम नव्हे.

लहरी खिडक्यांतूनही येतातच. आणि समजा, जाळी वगैरे लावून आपण खोली खरोखरच बंदिस्त केलीत, तर टॉवरचा संकेत क्षीण होताच आपला मोबाइल अधिक शक्तीने प्रक्षेपण करू लागेल, आणि तो तर आपल्या कानाशीच असतो.