वडोदऱ्यातील कंपनी आणि अमेरिकेतील करसल्लागार

मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतील प्रायव्हेट लिमिटेड कंपनी भावाकडे सोपवून, स्वतःचे चाळीस टक्के शेअर मात्र तसेच ठेवून, ग्रीन कार्डावर न्यू जर्सीला येताना इथला करसल्लागार कसा निवडावा, असे आपण विचारले आहे. व्हिसाची माहिती सरकारी संकेतस्थळांवर मिळतेच, म्हणून मी एवढ्याच प्रश्नाविषयी लिहिते.

पैसे घेऊन विवरणपत्र भरून देणाऱ्या प्रत्येकाकडे पीटीआयएन, म्हणजे इथल्या करखात्याने दिलेला नोंदणी क्रमांक, असावा लागतो, परंतु त्यासाठी कोणतीही परीक्षा नसते. तेव्हा सीपीए, म्हणजे इथला परवानाधारक सीए, किंवा एन्रोल्ड एजंट, म्हणजे करखात्याचा परवाना असलेला करतज्ज्ञ, असाच शोधावा. तेवढ्यानेही भागत नाही. आमच्या पहिल्या सल्लागाराकडे परवाना होता, पण भारतातील खात्यांविषयी त्याने एका शब्दाने विचारले नाही, आणि जुनी विवरणपत्रे दुरुस्त करण्याचे पैसे आम्हाला दुसऱ्याकडे मोजावे लागले. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, की फॉर्म 5471 आपण स्वतः भरता का? अमेरिकेबाहेरील कंपनीत आपल्याइतका हिस्सा घेऊन ग्रीन कार्डावर येणाऱ्याला तो भरावा लागतो आणि न भरल्यास 10,000 डॉलरचा दंड होऊ शकतो. भारतातील सर्व खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे अमेरिकेबाहेरील खात्यांची माहिती देणारा अहवाल, भरावा लागतो, आणि कंपनीच्या ज्या खात्यावर आपली नुसती सही चालते तेही त्यात धरले जाते. भारतीय म्युच्युअल फंडांसाठी फॉर्म 8621 असतो; त्याचा हिशेब इतका किचकट आणि कर इतका जाचक, की फंड ठेवायचे की विकायचे हे निघण्यापूर्वीच ठरवावे. हे विषय सल्लागाराने आपणहून काढले, तर तो माणूस कामाचा.

खरे सांगायचे तर मला इथे एकटेपणा सर्वांत जास्त जाणवतो तो मार्च महिन्यात, हे कागद पसरून बसल्यावर. काकूंच्या खात्यावर माझे नाव का आहे, हे रावपुऱ्यातील आमच्या सीएकाकांना कधी सांगावे लागले नाही. इथे त्या एका नावासाठी आजोबांच्या वाड्याच्या वाटणीपासूनची हकिगत इंग्रजीत लिहून द्यावी लागली, आणि लिहिताना घरातले काही परक्यापुढे उघडे केल्यासारखे वाटले. ते वाटणे अजूनही जात नाही.

आपल्याकडील हिशेब एप्रिल ते मार्च, इथला जानेवारी ते डिसेंबर. त्या बेताने व्याजाचे आणि टीडीएसचे आकडे काढून देण्यास आपले सीए तयार आहेत का, हे आत्ताच विचारा, आणि त्यांचे व इथल्या सल्लागाराचे फोनवर एकदा सविस्तर बोलणे आपण विमानात बसण्यापूर्वी घडवून आणा.