पियानोशेजारच्या खुर्चीवरून

चेलो (गजानं वाजवायचं, व्हायोलिनपेक्षा मोठं, खर्जातलं वाद्य) आणि पियानोच्या मैफलीबद्दल वाचकांची बरीच पत्रं जमली होती. मी मुंबईत अशा मैफलींत पियानोवादकाची पानं उलटायला बसते, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे पाठवली.

चेलो-पियानोची मैफल पहिल्यांदाच ऐकली. पत्रिकेवर चेलोवादकाचं नाव आधी होतं, पण मला कित्येकदा पियानोच वरचढ वाटला. साथीदारानं इतकं पुढे यावं का? — एक वाचक, नाशिक

तुम्ही ऐकलंत ते बरोबरच. फक्त पियानोवादक तिथे साथीला बसलेला नसतो.

पेटी-तबल्याची साथ ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना रंगमंचावर दोन माणसं दिसली की त्यातला मुख्य कोण, हे आपण लगेच ठरवून टाकतो. एकेकाळी पाश्चात्त्य संगीतातही तसंच होतं. इटालियन संगीतकार विवाल्डीच्या चेलो सोनाटांत (सोनाटा म्हणजे काही भागांची वाद्यरचना) कीबोर्डवाल्यापुढे खालच्या सुरांची एक ओळ आणि काही आकडे असायचे. उरलेलं त्यानं आपल्या अकलेनं भरायचं. मग १७९६ मध्ये पंचविशीतला जर्मन संगीतकार बेथोव्हन बर्लिनला प्रशियाच्या दरबारी गेला. राजा फ्रीडरिश विल्हेल्म दुसरा स्वतः चेलो वाजवायचा आणि द्यूपोर बंधूंसारखे नामांकित चेलोवादक त्याच्या पदरी होते. तिथे बेथोव्हननं दोन सोनाटा रचले आणि त्यांत पियानोचा सूर न् सूर लिहून काढला. पियानोवर बसणार होता तो स्वतः. स्वतःसाठी थोडंथोडकं काम ठेवणाऱ्यातला तो नव्हे! पुढे ब्राम्स या जर्मन संगीतकारानंही आपला ई मायनर सोनाटा ‘पियानो आणि चेलोसाठी’ म्हणूनच छापला, पियानो आधी.

आता वरचढपणाचं. चेलोची सर्वांत खालची तार साधारण ६५ हर्ट्झची, म्हणजे चांगलीच खर्जातली. पियानोवादकाचा डावा हात नेमका त्याच भागात वावरत असतो, त्यामुळे दोघांची गर्दी होते. त्यात बेथोव्हनचा पियानो लाकडी सांगाड्याचा, हलक्या आवाजाचा होता. आजचा मैफलीचा मोठा पियानो, कॉन्सर्ट ग्रँड, लोखंडी चौकटीचा आणि जवळजवळ नऊ फुटी. ब्राम्सबद्दल एक किस्सा सांगतात. तो सोनाटा ज्याला अर्पण केला, त्या योसेफ गेन्सबाखरबरोबर वाजवताना ब्राम्स पियानोवर तुटून पडला होता. गेन्सबाखर ओरडला, “मला माझा चेलो ऐकूच येत नाहीये!” ब्राम्स म्हणाला, “नशीबवान आहेस.”

बेथोव्हननं १८०८ च्या ए मेजर सोनाटात यावर काढलेली तोड मला फार आवडते. सुरुवातीला चेलो एकटाच बोलतो, खालच्या पट्टीत, कसलीही घाई नाही. पियानो त्याचं वाक्य पूर्ण करतो आणि शेवटी एक छोटी तान घेतो. लगेच तीच गोष्ट उलटी: आरंभ पियानोचा, तान चेलोची. पहिल्या मिनिटभरातच दोघांचा हक्क सांगून झालेला असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी.

चेलो दबू नये म्हणून काही ठिकाणी पियानोचं झाकण अर्धंच उघडतात. मला ते पटत नाही. आवाज कमी होत नाही, कांबळं पांघरल्यासारखा घुसमटतो. झाकण पूर्ण उघडावं आणि पियानोवादकानं हात आवरावा.

दोन भागांच्या मधे टाळ्या वाजवल्या तर शेजारच्यांनी डोळे वटारले. एवढा गुन्हा आहे का? — पुण्याहून

छे! १८१३ मध्ये व्हिएन्नात बेथोव्हनची सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली तेव्हा लोकांनी दुसरा भाग तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला होता. मधे गप्प बसण्याचा शिरस्ता नंतरचा. तरी आज तो आहे, तर पाळावा. वादकांचा धागा तुटत नाही. गज हवेत असेपर्यंत थांबा, म्हणजे झालं. आणि भाग मोजत बसू नका, फसाल. त्याच ए मेजर सोनाटात संथ भाग इतका छोटा आहे की तो संपला असं वाटेपर्यंत शेवटचा भाग सुरू झालेला असतो.

मी किराणा घराण्याचं गाणं ऐकणारा. मला मधूनमधून दोन वाद्यांचे सूर किंचित वेगळे वाटले. हा भ्रम का? — कोल्हापूर

भ्रम नाही, आणि तुमच्यासारख्यांनाच हे आधी कळतं. पियानोचे बाराही सूर समान अंतरावर बांधलेले, त्यामुळे त्याचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा (अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरून). पेटीवर हाच आक्षेप होता. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, तिच्यामागे जी कारणं होती त्यांतलं हे एक. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. चेलोला पडदे नाहीत. त्याचं बोट तारेवर हवं तिथे सरकतं, आणि चांगल्या वादकाचं ते सारखं सरकत असतं.

गंमत तारा जुळवतानाच सुरू होते. चेलोवादक पियानोकडून ‘ए’ हा सूर घेतो आणि बाकीच्या तारा षड्ज-पंचम भावानं खाली लावत जातो. शुद्ध पंचम पियानोच्या पंचमापेक्षा दोन सेंटनं मोठा. तीन पंचम उतरून शेवटच्या सी तारेवर पोचेपर्यंत पियानोशी सहा सेंटचा फरक पडलेला असतो. म्हणून बरेच चेलोवादक ती तार हळूच थोडी चढवतात. पुढच्या वेळी सुरुवातीच्या त्या जुळवाजुळवीकडे कान द्या.

पियानोवादकाशेजारी बसलेली बाई कोण? — ठाणे

मीच असेन! चेलोवादकापुढे फक्त त्याची ओळ असते. पियानोवादकाच्या वहीत दोन्ही हात आणि वर बारीक छापलेली चेलोची ओळही असते, म्हणून पानं भराभर संपतात आणि त्याचे हात तर मोकळे नसतात. मी डावीकडे बसते, पान संपायच्या दोन ओळी आधी उठते, वरचा कोपरा धरते आणि मान हलली की उलटते. बांगड्या घालायच्या नाहीत, ओढणी पिनेनं टाचायची. हल्ली टॅब्लेट आणि पायानं दाबायचं पेडल आलंय, त्यामुळे या खुर्चीचे दिवस भरत आलेत म्हणा.

तिकीट कुठलं काढावं? — डोंबिवली

डावीकडचं, मध्यापासून फार लांब नसलेलं. पियानोवादकाचे हात तिथून दिसतात, शिवाय चेलोवादकाचा गजाचा हातही त्याच बाजूला असतो. चेलोवादकाची पाठ पियानोकडे, म्हणजे दोघांची नजरानजर जवळजवळ नाहीच. पियानोवादक त्याचं कोपर आणि श्वास बघून सम गाठतो. तुम्हीही कोपरच बघा.