सातव्या आठवड्यातली कळ : मुतखडाच आहे का?

प्रश्न : मी कागल तालुक्यात राहते, वय 27 वर्षे. घरी केलेल्या तपासणीत दिवस गेल्याचे कळले. सध्या सातवा आठवडा सुरू आहे. पहिली सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला करायची आहे. कालपासून उजव्या कुशीत थांबून थांबून कळ येते आणि ती जांघेपर्यंत उतरते. दोन वर्षांपूर्वी मला 5 मिलिमीटरचा मुतखडा होता, तो पडून गेला. तेव्हाच्या दुखण्याच्या गोळ्या घरात शिल्लक आहेत. सासूबाई पानफुटीची पाने खायला सांगतात आणि दूध बंद कर म्हणतात. सोनोग्राफीने बाळाला अपाय होईल का? मी काय करावे?

उत्तर : तुम्ही सांगता ती कळ मुतखड्याशी जुळते, आणि एकदा खडा झाला की तो पुन्हा होण्याचा संभव असतोच, पण तुमची सोनोग्राफी अजून झालेली नाही, याची मला अधिक काळजी वाटते. गर्भ पिशवीतच रुजला आहे हे पाहिल्याशिवाय सातव्या आठवड्यातल्या एका बाजूच्या दुखण्याला मुतखडा म्हणता येत नाही. गर्भ नळीत राहिला असेल तर नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो आणि जिवावर बेतते. अपेंडिक्सही उजवीकडेच दुखते. म्हणून पुढच्या आठवड्याची वाट न पाहता आजच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. चक्कर आली, खांदा दुखू लागला किंवा अंगावर रक्त दिसले, तर 108 ला फोन करून थेट कोल्हापूरच्या सीपीआरसारखे मोठे सरकारी रुग्णालय गाठा.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, त्यामुळे बाळाची भीती बाळगू नका. तपासणी मूत्रपिंडाची असली तरी दिवस गेल्याचे केंद्रावर आधी सांगा; गर्भवतीसाठी फॉर्म एफ, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखालचा नोंदीचा अर्ज, भरावा लागतो, तेव्हा ओळखपत्र सोबत असू द्या. सीटी स्कॅन या दिवसांत सहसा टाळतात. सोनोग्राफीत लहान खडा निसटू शकतो, आणि उलट, गर्भारपणातील संप्रेरकांमुळे मूत्रवाहिनी सैलावून खडा नसतानाही उजव्या मूत्रपिंडाला थोडी सूज दिसू शकते. म्हणून नुसत्या सोनोग्राफीवर न थांबता लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) करून घ्यावे.

घरातल्या गोळ्यांची पट्टी नीट वाचा. बऱ्याच पट्ट्यांवर पॅरासिटामॉलच्या शेजारी बारीक अक्षरांत डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक लिहिलेले असते. ती गोळी आता घेऊ नका. नुसते पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत चालते. पानफुटी गर्भारपणात निर्धोक असल्याचा भरवसा देता येत नाही, तेव्हा सासूबाईंची माया समजून घेऊन ती राहू द्या. जेवणात कुळथाची आमटी खायला हरकत नाही. दूध मात्र मुळीच बंद करू नका. अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे बहुतेक खडे ज्यातून बनतात त्या क्षाराला, बांधून ठेवते, त्यामुळे ते कमी केल्याने खडे वाढू शकतात, शिवाय बाळालाही त्याची गरज आहे. कमी करायचे ते मीठ, म्हणजे लोणचे, पापड आणि खारवलेले पदार्थ.

पाणी इतके प्या की लघवी फिकट राहील. एसटीने यायचे म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या आणि लघवी दाबून धरणाऱ्या बायका मला नेहमी भेटतात. स्वच्छतागृहांची अवस्था पाहता त्यांचा नाइलाज मला समजतो, पण तुम्ही तसे करू नका.

खडाच निघाला तरी गर्भारपणात बहुतेक लहान खडे पाणी, विश्रांती आणि वेदनाशमन एवढ्यावर आपोआप पडतात. बाहेरून धक्के देऊन खडा फोडण्याचा उपचार या काळात करत नाहीत. थंडी वाजून ताप आला, उलट्यांनी पाणीही टिकेना किंवा लघवी अडली, तर मात्र रात्र काढू नका. अडकलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला की तो काही तासांत रक्तात पसरू शकतो, आणि अशा वेळी आधी मूत्रवाहिनीत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालून वाट मोकळी करावी लागते. गर्भारपणात स्टेंटवर क्षार लवकर साचतात, त्यामुळे तो काही आठवड्यांनी बदलावा लागतो, हेही तेव्हाच विचारून घ्या.

तोवर प्रत्येक वेळी लघवी जुन्या मलमलच्या फडक्यातून किंवा वेगळ्या ठेवलेल्या चहाच्या गाळणीतून गाळा. मोहरीएवढा कण सापडला तरी तो धुऊन, वाळवून छोट्या डबीत ठेवा आणि डॉक्टरांना द्या. खडा कशाचा आहे हे त्यातून कळते आणि पुढच्या महिन्यांचे पथ्य त्याप्रमाणे ठरवता येते.