प्रसूती कक्षात मोजायला शीक : संशोधनाला निघालेल्या परिचारिकेस पत्र

प्रिय विद्यार्थिनी,

सप्रेम आशीर्वाद. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी तू प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या हा विभाग निवडलास, याचा मला मनापासून आनंद झाला. तू सुचवलेले विषय मी लक्षपूर्वक वाचले. त्या सगळ्यांचा साचा एकच आहे : एखाद्या विषयावर संरचित अध्यापन कार्यक्रम घ्यायचा, त्याच्या आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घ्यायची आणि गुण वाढल्याचे दाखवायचे. हा साचा आपल्या महाविद्यालयांत रुळला, कारण तो ठरलेल्या मुदतीत पुरा होतो, त्याची सांख्यिकी सोपी असते आणि निष्कर्ष जवळजवळ नेहमीच मनाजोगता येतो. परंतु शिकवल्यावर लगेच विचारले तर गुण वाढणारच. त्या वाढलेल्या गुणांमुळे खाटेवरच्या बाळंतिणीच्या वाट्याला वेगळे काय आले, हे असा प्रबंध सांगत नाही, आणि मला तुझ्याकडून तेच हवे आहे.

म्हणून विषय ग्रंथालयात शोधण्याआधी तुझ्या लेबर रूमचे रजिस्टर उघड आणि मागच्या काही महिन्यांच्या नोंदींमधला रक्तस्रावाचा रकाना वाच. तिथे २००, २५०, ३०० असे गोल आकडेच पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर ते मोजलेले नाहीत, अंदाजाने लिहिलेले आहेत, हे ओळख. रक्त चादरीत मुरलेले असते, गॉजमध्ये आणि पॅडमध्ये असते, बादलीत गर्भजलात मिसळलेले असते. तेवढ्यात बाळ रडत असते, वार पडायची असते, शेजारच्या टेबलावर दुसरीच्या कळा वाढलेल्या असतात, आणि ड्युटी संपता संपता सिस्टर एक आकडा लिहून मोकळी होते. यात तिच्या निष्काळजीपणाचा भाग फार थोडा आहे. डोळ्यांनी रक्ताचा अंदाज कमीच येतो. प्रसूतीनंतर २४ तासांत ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाणे म्हणजे प्रसूतिपश्चात रक्तस्राव, ही व्याख्या आपण पहिल्या वर्षापासून पाठ केलेली असते. पण मोजलेच नाही, तर ती व्याख्या लावणार कशाला?

या एका प्रश्नातून काय उभे राहू शकते, हे पाहायला फार दूर जायला नको. बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात २००२ ते २००५ या काळात एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० स्त्रियांपैकी निम्म्या जणींना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल हे गर्भाशय आकसवणारे औषध तोंडावाटे दिले गेले आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. प्रसूतिपश्चात रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. या बाळंतपणांना हजर असणाऱ्या, गोळी देणाऱ्या आणि रक्त मोजणाऱ्या एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या सहायक परिचारिका-प्रसाविका, होत्या. मोजण्यासाठी त्यांच्याकडे एक साधे प्लास्टिकचे आवरण होते. बाळ बाहेर आले की ते बाईच्या नितंबांखाली सरकवायचे, त्याच्या खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी, आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. त्याच संशोधकांनी या आवरणाची डोळ्यांच्या अंदाजाशी तुलना केली, तेव्हा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी कमी निघाला. जगाने ज्या आकड्यांवर विश्वास ठेवला, ते आकडे एएनएमनी खुणेवर नजर ठेवून लिहिले होते, हे मला फार मोलाचे वाटते.

पुढची पायरी 'ई-मोटिव्ह' या चाचणीने गाठली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर ती झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटातल्या रुग्णालयांना खुणा असलेली आवरणे दिली आणि रक्तस्राव दिसताच गर्भाशयाचा मसाज, गर्भाशय आकसवणारी औषधे, रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सारे एकामागून एक वाट न पाहता सुरू करायला शिकवले. दुसऱ्या गटातही रक्त आवरणातच जमा केले, पण त्यावर खुणा नव्हत्या. पहिल्या गटात रक्तस्राव झालेल्यांपैकी ९३ टक्के जणी वेळीच ओळखल्या गेल्या, दुसऱ्यात ५१ टक्के. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा त्याने मृत्यू येणे, यांचे एकत्रित प्रमाण ४.३ ऐवजी १.६ टक्के राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी, नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल तर मोजलेल्या ३०० मिलिलिटरलाच उपचार सुरू करा, असे सांगितले.

या चाचणीची रचना वहीत काढून अभ्यास. कोणता गट कोणाला, हे ठरवणाऱ्या चिठ्ठ्या स्त्रियांच्या नावाने न टाकता रुग्णालयांच्या नावाने का टाकल्या, याचे उत्तर तू स्वतः शोधावेस असे मला वाटते. तरी एक धागा देते : एकाच सिस्टरला एका बाळंतिणीकडे खूण पाहून धाव आणि दुसरीकडे खूण विसर, असे सांगता येत नाही.

तुझ्याकडे ८० रुग्णालये नाहीत, एक लेबर रूम आहे, आणि एम.एस्सी.साठी ती पुरेशी आहे. आधी काही आठवडे काहीही न बदलता प्रत्येक बाळंतिणीचे रक्त मोज. आवरण मिळाले नाही तर कोरड्या पॅडचे वजन आधी आणि भिजलेल्याचे नंतर घेऊन फरकाचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धर. सिस्टरने लिहिलेला अंदाज आणि तुझे मोजमाप शेजारी शेजारी ठेव. त्यानंतर, रक्तस्राव ओळखल्यापासून पहिले औषध देईपर्यंत किती मिनिटे गेली, ते घड्याळाने नोंदव. मिनिटे हा असा आकडा आहे की तो वॉर्डातल्या प्रत्येकाला कळतो आणि त्यात सुधारणा करणे वॉर्डाच्याच हातात असते. केसपेपर आणि पार्टोग्राफ (प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख) मात्र नंतर भरलेले असतील, तर ते पुरावा म्हणून वापरू नकोस.

स्त्रियांना विचारून माहिती गोळा करणार असशील, तर डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास लक्षात ठेव. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन गावांतल्या ६५० स्त्रिया होत्या. त्यांपैकी ५५ टक्क्यांनी स्त्रीरोगाची तक्रार सांगितली, पण तपासल्यावर ९२ टक्क्यांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळला, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. नुसत्या प्रश्नावलीवर विसंबणाऱ्या संशोधनात ही एवढी मोठी तफावत निसटून जाते.

आता संमतीविषयी, कारण इथे मी सवलत देणार नाही. कळा भरात असताना घेतलेली सही ही संमती नव्हे, आणि बाहेर बसलेल्या सासूने किंवा नवऱ्याने दिलेला होकारही नव्हे. गरोदरपणाच्या तपासणीला ती येते तेव्हा, तिच्या बोलीत, पडद्याआड, घरच्यांना थोडे बाजूला बसवून तिला सांग. नाही म्हटले तरी सेवेत तसूभर फरक पडणार नाही, हे तिला पटेल अशा रीतीने सांग. प्रसूतीच्या दिवशी पुन्हा एकदा विचार. तुझ्या अंगावर गणवेश आहे म्हणून तिला नकार देणे जड जाते, याचे भान ठेव. एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी एकही नोंद घेऊ नकोस, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक सूचनांतले संमतीवरचे प्रकरण सिनोप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहिण्यापूर्वी वाच.

तुझ्या गाईडना हा विषय अवघड वाटेल, आणि त्यांची काळजी खरी आहे. रात्रपाळीतल्या प्रसूतींचे रक्त कोण मोजणार, हा त्यांचा पहिला प्रश्न असेल. त्याचे उत्तर घेऊनच त्यांच्याकडे जा. लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरशी आणि मावशींशी आधी बोल, कारण भिजलेली पॅड वजन होईपर्यंत ठेवायची की टाकायची, हे शेवटी त्यांच्या हातात आहे. रजिस्टरमधल्या मागच्या तीन महिन्यांचे आकडे, बाळंतिणींची नावे वगळून, एका कागदावर उतरवून मला पाठव. ते पाहून नमुना किती घ्यायचा, याचा हिशेब आपण मिळून करू.

तुझी,
प्रसूती परिचर्येची एक शिक्षिका