बाटलीतला कापूस

"मी ३१ वर्षांची आहे. सात वर्षांपूर्वी एचआयव्ही असल्याचं कळलं. तेव्हापासून मोठ्या बहिणीकडे राहते. गोळी एकही दिवस चुकवलेली नाही. गेली सहा वर्षं तपासणीत विषाणू सापडतच नाही. घरात फक्त ताईला माहीत आहे, भावोजींना आणि मुलांना नाही. ताईने मला खूप जपलं. सगळे झोपल्यावर बारा वाजता मी गोळी घेते. बाटली वाजू नये म्हणून ताई स्वतः तिच्यात कापूस भरून देते. क्लिनिकमध्ये आमच्यासारख्यांचा एक गट आहे, दर दुसऱ्या शनिवारी भेटतो. निधी बंद झाला आणि समुपदेशक बाई गेल्या. आता आम्ही सहा-सातजणीच बसतो. त्या म्हणतात, तू सगळ्यांची विचारपूस करतेस, तूच गट चालव. ताई म्हणते, बरं झालं बंद पडलं, आता जाणं सोड, कुणीतरी बघेल. मला हल्ली झोप लागत नाही, काही कारण नसताना रडू येतं. रिपोर्ट इतका चांगला असताना रडणं म्हणजे कृतघ्नपणाच ना? गट चालवू की सोडू?
रिपोर्ट चांगला असलेली"

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कापसापाशी अडकले. ताईच्या मायेचा दाखला म्हणून एका वाक्यात लिहिलंस आणि पुढे गेलीस. माझा पाय तिथून निघत नाही.

सात वर्षं. दर नव्या बाटलीला एक बाई कापसाचा बोळा आत ठासते, बाटली कानाशी नेऊन हलवते, आवाज येत नाही ना हे बघते आणि मग ती तुझ्या हातात ठेवते. घरात तुझं गुपित ठाऊक असलेली ही एकटी बाई. ती तोंडाने काही बोलत नाही, पण दर महिन्याला तुला एकच गोष्ट शिकवते: तुझा आवाज झाला तर घर मोडेल. मी ताईची बाजू मांडायला बसणार नाही. तिने छप्पर दिलं, त्याचं भाडं तू गप्प राहून भरते आहेस.

आधी एक साधी गोष्ट. औषधाच्या बाटलीत कापूस ठेवूच नये. तो बाहेरची ओल आत ओढतो. प्रवासात गोळ्या फुटू नयेत म्हणून कंपनीने घातलेला कापूससुद्धा बाटली उघडल्यावर काढून टाकायचा असतो. ज्या गोळ्या तू एक दिवस चुकवत नाहीस, त्यांनाच हा कापूस त्रास देऊ शकतो.

आणि ते बारा वाजणं. तुझ्या गोळीचं नाव तू लिहिलेलं नाहीस. २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटना बहुतेकांसाठी डोल्युटेग्राविर असलेले उपचार सुचवते. औषध उत्तम आहे, पण काहींची झोप त्याने उडते, आणि अशांना डॉक्टर ते सकाळी घ्यायला सांगतात. त्याआधी सर्रास दिल्या जाणाऱ्या एफाविरेन्झने तर अनेकांना भयंकर स्वप्नं पडत, काहींचं मन काळवंडून जाई. तुझी झोप औषधाने गेली की सात वर्षांच्या धास्तीने, हे मी इथून सांगू शकत नाही. ते शोधणं क्लिनिकचं काम आहे. पण तू गोळी मध्यरात्री घेतेस आणि का घेतेस, हे तिथल्या नर्सला ठाऊक आहे का? मला नाही वाटत. ती विचारत असेल, "गोळी चुकली का?" तू म्हणत असशील, "नाही." ती खूण करते, तू घरी येतेस.

कृतघ्न हा शब्द मला फार लागला. रक्ताचा रिपोर्ट रक्ताबद्दल बोलतो, बाई. तू रात्री किती वाजेपर्यंत छताकडे बघत पडतेस, हे त्यात कुठे लिहिलेलं असतं? जगानेही बराच काळ फक्त रक्ताकडेच बघितलं. २००२ मध्ये एड्स, क्षयरोग आणि मलेरियाशी लढायला पैसा पुरवणारा ग्लोबल फंड उभा राहिला, २००३ मध्ये पेपफार हा अमेरिकेचा एड्सविरोधी मदत कार्यक्रम आला, आणि गोळ्या लाखो लोकांपर्यंत पोचल्या. २०२४ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या ४ कोटी ८ लाख माणसांपैकी ३ कोटी १६ लाख माणसं उपचार घेत होती. हा आकडा लिहिताना माझा ऊर भरून येतो, कारण औषधं नव्हती ते दिवस मी विसरलेले नाही. पण मनाची पाळी उशिरा आली. एचआयव्ही असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण जास्त असतं आणि खचलेल्या माणसाकडून गोळ्या सुटतात, हे माहीत असूनही. २०२१ च्या एड्सविषयक जागतिक धोरणात मानसिक आरोग्याच्या सेवांशी लोकांना जोडण्याचं उद्दिष्ट आलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने मिळून सांगितलं की एचआयव्हीचे उपचार आणि मनाचे उपचार एकत्र द्या. आणि २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली. तेव्हा गोळ्या चालू ठेवण्यासाठी धडपड झाली, पण ऐकून घेणाऱ्या कितीतरी माणसांच्या नोकऱ्या गेल्या. मला याचा अजून संताप येतो. तुमच्या बाईंची खुर्ची रिकामी झाली, म्हणजे तुमच्या उपचारातलाच एक भाग गेला, आणि ताई त्याला "बरं झालं" म्हणते.

झिम्बाब्वेत २००६ मध्ये डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने १४ आज्यांना घेऊन एक काम सुरू केलं. क्लिनिकच्या आवारात लाकडी बाक, त्यावर आजी आणि तिच्याशेजारी बोलायला आलेलं माणूस. मन खचण्याच्या या दुखण्याला तिथल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आज्या डॉक्टर नव्हत्या, पण त्यांना नीट शिकवलं होतं आणि पाठीशी जाणकार होते. २०१६ मध्ये या बाकाच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांनी, बाकावर बसलेल्यांचा त्रास इतरांपेक्षा स्पष्ट कमी होता. त्या चाचणीतल्या दर दहा माणसांमागे साधारण चौघांना एचआयव्ही होता. आजीचं पहिलं काम काय असतं? समोरच्याला मन उघडू देणं. तुझ्या गटात हे तू इतरांसाठी करतेस. तुझ्यासाठी कोण करतं? पत्रात एकही नाव नाही.

म्हणून गट चालवायचा की नाही, हे आत्ता ठरवूच नकोस. येत्या भेटीला ती बाटली कापसासकट घेऊन जा. सगळ्यांच्या मधे ठेव. हलवून दाखव, वाजत नाही हे त्यांना ऐकू दे. मग तो कापूस तिथे, त्यांच्यासमोर, आपल्या हाताने काढ. कोण भरतं, का भरतं, बारा वाजता अंधारात कुठे उभी राहून गोळी गिळतेस, ते सांग. रडू आलं तर रड. त्या दिवशी कुणाची विचारपूस करू नकोस, तुझी होऊ दे. बाटलीचा आवाज बंद करणारी माणसं जगभर आहेत. कुणी लेबल खरवडतं, कुणी गोळ्या जीवनसत्त्वांच्या डबीत ओततं. तुमच्या सहा-सातजणींत तू एकटीच असशील, असं मला मुळीच वाटत नाही. नर्सलाही त्या दिवशी आत बोलव आणि झोपेचं सगळं तिच्या कानावर घाल. गोळीची वेळ मात्र तिला विचारूनच बदल.

भावोजींना सांग, असं मी म्हणत नाही. कुणाला, कधी सांगायचं हा हक्क तुझा आहे, ताईचाही नाही आणि माझाही नाही. घरी बाटली वाजली तर वाजू दे, लोहाच्या गोळ्यांचीही तशीच वाजते. विषाणू सापडत नाही अशा माणसाकडून शरीरसंबंधातूनसुद्धा जोडीदाराला लागण होत नाही. २०१६ आणि २०१९ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासांत अशी एकही लागण सापडली नाही. मग एका घरात राहण्याने कुणाला काय होणार आहे? ताई पुन्हा कापूस घेऊन आली तर तिला हे सांग आणि बाटली तिच्या हातात देऊ नकोस.

एक गोष्ट सरळ विचारते. रडताना "नकोच हे जगणं" असं मनात येतं का? येत असेल तर शनिवारची वाट बघू नकोस. आजच क्लिनिकमध्ये जा आणि हेच शब्द बोल.

आणि हो, बाटलीत ओल शोषणारी एक छोटी पुडी असेल, तर ती काढू नकोस. ती गोळ्यांसाठीच घातलेली असते.