फायरवॉल बंद, तरी परीक्षेत पास!

प्रश्न : ताई, सा. न. मी बँकेतून निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली, सुदामानगरात राहतो. दिवाळीत पुण्याचा नातू आला होता. त्याने माझ्या संगणकात एक फुकटची फायरवॉल बसवली, एका वेबसाइटवर तिची चाचणी घेतली आणि पडद्यावरचे सगळे चौकोन हिरवे झाले. ‘आबा, आता तुमचा कॉम्प्युटर बाहेर कुणाला दिसतच नाही,’ असे म्हणून तो गेला. तेव्हापासून घटकाघटकाला एक खिडकी उघडते : अलाऊ की ब्लॉक? मी भीतीने ब्लॉक दाबतो. आता वायफायवरचा प्रिंटर छापेना. परवा वीजबिल छापायचे म्हणून फायरवॉल पार बंद केली, तर कागद लगेच निघाला. मग सहज तीच चाचणी पुन्हा घेतली, आणि चौकोन पुन्हा हिरवे! भिंत पाडल्यावरही भिंत शाबूत असल्याचा दाखला मिळतो कसा?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : काका, ताळा जुळला तरी रोकड मोजायची तुमची सवय इथे कामी आली. नातवाने घेतलेली चाचणी खोटी नाही. पण ती तुमच्या संगणकाची झालीच नाही.

जुन्या इंदुरातला एखादा वाडा डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावर दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाभोवती बिऱ्हाडे. तुमचा वायफायचा राउटर म्हणजे तो दिंडी दरवाजा आणि संगणकातली फायरवॉल म्हणजे तुमच्या खोलीची कडी. वेबसाइट रस्त्यावर उभी राहून दिंडी ठोठावते. दिंडी बंद म्हणून ती ‘हिरवे’ लिहून निघून जाते. तुमची कडी लावलेली होती की दार सताड उघडे होते, हे तिला कळायला मार्गच नाही. त्यात आता बऱ्याच इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरचा पत्ता, १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर वेबसाइट तुमच्या दिंडीपर्यंतही आली नाही, कंपनीच्या नाक्यावरूनच परतली.

या चाचण्या निघाल्या तेव्हा त्यांना पुरेपूर अर्थ होता. ऑगस्ट २००३ आठवते? मी तेव्हा पॉलिटेक्निकात शिकवत होते आणि घरी टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम होता. मधे राउटर नाही, बाहेरचा पत्ता थेट संगणकाचाच. नेट जोडले की मिनिटाभरात एक खिडकी यायची, साठ सेकंदांची उलटी मोजणी व्हायची आणि यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचे. मी काही उघडले नव्हते, कुठे क्लिक केले नव्हते. ‘ब्लास्टर’ नावाचा किडा १३५ नंबरच्या पोर्टातून, म्हणजे संगणकाच्या नंबर घातलेल्या दारांपैकी एकातून, आपणहून शिरत होता. विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण ती बंद ठेवूनच दिलेली! वर्षभराने, ऑगस्ट २००४मध्ये, सर्व्हिस पॅक २ हा एक्सपीचा मोठा अपडेट आला आणि ती मुळातच सुरू मिळू लागली.

आता तुमच्या यंत्राकडे. माझा सल्ला विचाराल तर ती फुकटची फायरवॉल काढून टाका. ती वाईट आहे असे नाही, पण दिवसातून वीस वेळा विचारणारा पहारेकरी घरमालकालाच चुकायला लावतो. छपाईचे काम विंडोजमधला ‘प्रिंट स्पूलर’ करतो. बहुधा त्याच्याच खिडकीवर तुम्ही ब्लॉक दाबलेत आणि तिने ते कायमचे लक्षात ठेवले. काढल्यावर संगणक रीस्टार्ट करा, ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, त्यात ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’ बघा. दुसरी फायरवॉल बसली की विंडोजची बाजूला होते, म्हणून ती परत सुरू झाल्याची खात्री करायची : डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक, तिन्हींसमोर ‘ऑन’ हवे. घरच्या वायफायला ‘प्रायव्हेट’ निवडा, म्हणजे प्रिंटर सापडायला अडचण येणार नाही. विंडोजची फायरवॉल न बोलावता आत येणाऱ्याला अडवते, बाहेर जाणाऱ्याला मात्र सहसा विचारत नाही. घरच्या संगणकाला एवढे मला पुरेसे वाटते.

आणि कडी तपासायची ती चौकात उभे राहून. म्हणजे त्याच वायफायवरच्या दुसऱ्या यंत्रावरून, तुमच्या फोनवरून. मी स्वतः इथे तोंडघशी पडले आहे. एकदा संगणकाचा पत्ता त्याच संगणकावरून तपासला, तर १३५ आणि ४४५ ही दोन्ही पोर्टे उघडी! रात्री अकराला एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही खोलीत बसून आपलेच दार आतून उघडून बघताय.’ संगणक स्वतःशीच बोलतो तेव्हा विंडोजची फायरवॉल मधे येतच नाही. ४४५चे नाव ऐकून माझी झोप उडाली होती, कारण मे २०१७मधला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा ‘वॉनाक्राय’ किडा त्याच वाटेने पसरला होता.

तर असे करा. संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द द्या. आयपीव्ही४च्या ओळीत बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता दिसेल, तो लिहून घ्या. चाचणीपुरते नेटवर्क ‘पब्लिक’ करा. फोनवर पिंग करणारे, म्हणजे दुसऱ्या यंत्राला हाक मारून उत्तर येते का पाहणारे, एखादे साधे अ‍ॅप घ्या आणि त्या पत्त्याला हाक मारा. उत्तर येता कामा नये. आता ‘पब्लिक’समोरची फायरवॉल एक मिनिट बंद करा आणि पुन्हा हाक मारा. या वेळी उत्तर आले पाहिजे. परत सुरू केली की पुन्हा शांतता. मधली पायरी गाळू नका, सगळी गंमत तिच्यातच आहे. फायरवॉल बंद असतानाही उत्तर आले नाही, तर ती शांतता फायरवॉलची नव्हेच. फोन मोबाइल डेटावर असेल, पत्ता चुकला असेल, किंवा पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवर असाल. तिथे राउटर एका यंत्राला दुसऱ्याशी बोलू देत नाही. तुमच्या वेबसाइटने नेमकी हीच उलट तपासणी कधी केली नव्हती, ती तुम्ही नकळत केलीत.

झाले की ‘प्रायव्हेट’ करायला विसरू नका. तिथे फाइल शेअरिंग सुरू असेल तर पिंगला उत्तर मिळेल आणि ४४५ही उघडे दिसेल. ते तुम्हीच उघडलेले दार आहे, घाबरू नका. शेअरिंग वापरत नसाल तर मात्र बंद करा.

तुमच्यासारख्यांना वहीत नोंद लागतेच. ‘डब्ल्यूएफ डॉट एमएससी’ ही आज्ञा दिली की प्रगत खिडकी उघडते. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये लॉगिंगखाली ‘लॉग ड्रॉप्ड पॅकेट्स’ला ‘येस’ करा. एरवी ही नोंद होत नाही. पुढच्या चाचणीत अडवलेली हाक ‘ड्रॉप’ या शब्दासह, फोनच्या पत्त्यानिशी त्या नोंदीच्या फाइलीत उतरेल.

दिंडीचेही एक काम उरते. राउटरचा आलेला पासवर्ड बदला आणि यूपीएनपी बंद करा. त्या सोयीने घरातले कुठलेही यंत्र न विचारता दिंडी उघडून घेऊ शकते. ती बंद केल्याने नातवाचा एखादा गेम अडला, तर तो पुण्याहून फोन करील.

प्रश्न : ‘वीज आज रात्री कापली जाईल’ असा फोन आला. त्याने सांगितलेले अ‍ॅप मी लॅपटॉपवर घेतले, आणि खात्यातून पैसे गेले. फायरवॉल सुरू असताना हे कसे झाले?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : अशी अ‍ॅपे आतून बाहेर जोडणी करतात, आणि तुम्ही स्वतः दार उघडून पाहुण्याला आत घेतलेत. कडीचा तिथे उपयोग नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला नसेल तर आत्ता करा, बँकेलाही कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडण्याची शक्यता जास्त. बँकेचा पासवर्ड त्या लॅपटॉपवरून बदलू नका, दुसऱ्या यंत्रावरून बदला. आणि ते अ‍ॅप अजून तसेच असेल, तर हा अंक बाजूला ठेवा, वायफाय बंद करा आणि आधी ते काढा.