जुनी हार्ड डिस्क भंगारात देण्यापूर्वी

प्रश्न : उदगीर तालुक्यात आमचे ई-सेवा केंद्र आहे. तीन जुने संगणक भंगारात द्यायचे आहेत. त्यांत शेतकऱ्यांची आधार कार्डे, सातबारे आणि पीक विम्याच्या अर्जांचे स्कॅन आहेत. दोन संगणकांत हार्ड डिस्क असून त्यांतील एक बंद पडली आहे. तिसरा लॅपटॉप आहे, त्याला एसएसडी (तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आहे. बंद डिस्क सोडून बाकी दोन्हींवर क्विक फॉरमॅट केले आहे. एवढे पुरेसे आहे का?
— एक केंद्रचालक, जि. लातूर

उत्तर : पुरेसे नाही, आणि संगणक दाराबाहेर जाण्यापूर्वी आपण विचारलेत हे फार बरे झाले. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका जाते. दप्तराची यादी फाडली तरी आतले कागद जागेवरच राहावेत, तसा हा प्रकार आहे. छत्रपती संभाजीनगरातून मी एकदा अशीच फॉरमॅट केलेली जुनी डिस्क विकत आणली होती. फोटोरेक या मोफत सॉफ्टवेअरने परत मिळालेल्या फायलींत पीक कर्जाचा एक अर्ज होता आणि त्यावर खातेक्रमांकाशेजारी कुणा आजीचा अंगठा स्पष्ट दिसत होता. ज्यांनी विश्वासाने कागद आपल्या हाती दिले, त्यांना यातले काहीच कळत नाही, म्हणून ही जबाबदारी पूर्णपणे आपली आहे.

चालू हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून विंडोजसोबतच येणाऱ्या डिस्कपार्ट या साधनातील ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा द्यावी. सी, डी असे सगळे भाग धरून संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात आणि त्याला काही तास लागतात. आज्ञा देण्यापूर्वी डिस्कचा क्रमांक आणि क्षमता दोनदा तपासा, कारण चुकून चालू कामाची डिस्क निवडली तर तीही कायमची पुसली जाईल. संगणकतज्ज्ञ पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधामुळे डिस्क ३५ वेळा पुसावी असा समज पसरला आहे, परंतु तो त्या काळच्या डिस्कपुरता होता. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार चुंबकीय डिस्क एकदा नीट पुसली तरी सहसा पुरते.

एसएसडीला मात्र हा उपाय लागू पडत नाही. चिपची झीज सारखी व्हावी म्हणून तिचा कंट्रोलर नवी माहिती दुसऱ्याच जागी लिहितो, आणि काही राखीव जागा विंडोजला दिसतही नाही. त्यामुळे लॅपटॉपच्या बायोसमधील (विंडोज सुरू होण्यापूर्वी उघडणाऱ्या सेटिंगमधील) किंवा एसएसडी बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील ‘सिक्युअर इरेज’ हाच पर्याय वापरावा.

बंद पडलेली डिस्क पुसता येत नाही, ती फोडावीच लागते. टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाच्या) पान्याने झाकण उघडले की आरशासारख्या चकचकीत तबकड्या दिसतील. त्या प्रत्येक बाजूने खरवडून वाकवाव्यात. एकच भोक पाडले तर उरलेल्या भागावरची माहिती शाबूत राहते. काही तबकड्या काचेच्या असतात आणि फुटताना कपच्या उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे आणि वर गोणपाट हवेच. हे तुकडे जाळू नयेत. फेरीवाल्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावेत.

नव्या संगणकावर विंडोज प्रो असेल तर पहिल्याच दिवशी डिस्कवरची सगळी माहिती कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारे बिटलॉकर सुरू करा, म्हणजे पुढे तो काढून टाकताना एवढा खटाटोप उरणार नाही. त्याची रिकव्हरी की (कुलूप उघडणारा लांब क्रमांक) कागदावर लिहून केंद्राबाहेर जपून ठेवा. ती हरवली, तर गरज पडेल तेव्हा आपल्यालाही ती माहिती उघडता येणार नाही.